चक्कर थांबली, पण कानाचे काय?

जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी समाजमाध्यमावर एक छोटे निवेदन टाकले. काही आठवड्यांपूर्वी विमानातून उतरून बाहेर येताना त्यांना अचानक काहीच ऐकू येईनासे झाले होते. विषाणूच्या हल्ल्यामुळे कानाच्या नसेला इजा झाल्याचे निदान डॉक्टरांनी केले. जिचे सारे आयुष्य सुरांवर उभे, तिच्यावर हे संकट यावे याची सगळ्यांनाच हळहळ वाटली. आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीतही दोन दिवस हाच विषय होता. त्या बोलण्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता : "म्हातारपणी हळूहळू ऐकू कमी येतं, ते समजू शकतो. पण चालता चालता, एका क्षणात कसं जाईल?"

जाते. आणि ते प्रसिद्ध माणसांचेच जाते असे नाही. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार दरवर्षी लाखामागे ५ ते २७ माणसांना असा अचानक बहिरेपणा येतो. बहुतेक वेळा तो एकाच कानाला येतो. बरेच जण सकाळी उठतात तेव्हा लक्षात येते. कान दडपल्यासारखा वाटतो, आत शूं शूं किंवा घूं घूं आवाज सुरू असतो. फोन नेहमीच्या कानाला लावला तर पलीकडचा माणूस बोलतच नाही असे वाटते, दुसऱ्या कानाला लावला तर व्यवस्थित ऐकू येते. कित्येकांना आधी फोनच बिघडला असे वाटते. मग सर्दीचा संशय येतो, मग मळाचा.

डॉक्टरांची व्याख्या अशी : तीन दिवसांच्या आत, लागोपाठच्या तीन स्वरपट्ट्यांवर ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त ऐकणे कमी झाले आणि दोष कानाच्या आतल्या भागात किंवा नसेत असेल, तर तो अचानक आलेला बहिरेपणा. ३० डेसिबल म्हणजे किती? समोर बसलेला माणूस नेहमीच्या आवाजात बोलत असेल, तर ते बोलणे त्या कानाला कुजबुजीएवढे ऐकू येईल, इतके.

इथपर्यंतचे बऱ्याच वर्तमानपत्रांत येऊन गेले आहे. मला लिहायचे आहे ते या बहिरेपणाच्या जोडीने येणाऱ्या चक्करेबद्दल. कारण असे रुग्ण पाहिले तर त्यांतल्या ३० ते ६० टक्के जणांना कान जातानाच चक्कर किंवा तोल जाण्याचा त्रास होतो. आणि आपल्या घरांत नेमकी ही चक्करच घात करते.

आमच्या नात्यातल्या मोठ्या खालांचे उदाहरण सांगते. वय ५४, अंगाने काटक, मधुमेह नाही, रक्तदाब नाही. घरात पुतणीचा निकाह झाला, पाहुण्यांची वर्दळ, चार रात्रींचे जागरण. वलीम्याच्या दुसऱ्या दिवशी फजरला उठायला गेल्या आणि पलंगावरच कोसळल्या. छत फिरतेय, भिंती फिरताहेत, डोळे उघडले की उलटी. घरात धावपळ उडाली. कुणी लिंबूपाणी आणले, कुणी "बिर्याणी बाधली" म्हणाले, कुणी "लग्नाच्या घरात नजर लागली" म्हणून दम केलेले पाणी पाजले. गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी रक्तदाब तपासला, उलटीचे इंजेक्शन दिले, चक्करेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि आराम करायला सांगितले. त्या गडबडीत खाला एक वाक्य बोलल्या होत्या. सून सांगते, त्या म्हणाल्या, "डाव्या कानात कुणी कापूस कोंबलाय गं बेटा." सुनेने रात्री लसणाचे कोमट तेल दोन थेंब घातले. झाले.

चौथ्या दिवशी खाला भिंतीला धरून चालू लागल्या. आठव्या दिवशी स्वयंपाकघरात आल्या. सगळ्यांनी अल्लाहचे आभार मानले, शुकराना अदा झाला. कान अजून बंदच होता, पण तो उघडेल हळूहळू, असे सगळे धरून चालले. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे रत्नागिरीला त्यांना नेले ते तब्बल पाचव्या आठवड्यात. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला : "मावशी, चक्कर बाजूला ठेवा. कान कधीपासून बंद आहे, ते सांगा."

डावा कान परत आला नाही. औषधे झाली, पडद्यातून इंजेक्शने झाली, थोडाही फरक पडला नाही. लवकर नेले असते तर नक्की आला असता, असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. ज्यांना बहिरेपणाबरोबर चक्करही येते, त्यांचा कान सुधारण्याची शक्यता मुळातच कमी असते. पण जी काही शक्यता होती, ती पहिल्या दोन आठवड्यांतच होती. आणि ते दोन आठवडे चक्कर उतरण्याची वाट पाहण्यात गेले.

एका वाड्यात दोन बिऱ्हाडे

चक्कर आणि कान यांचा संबंध काय, हे समजायला कानाच्या आत जावे लागते. बाहेरून दिसणारा कान, त्याची नळी आणि पडदा ही झाली ओसरी. पडद्यामागच्या तीन चिमुकल्या हाडांच्या पलीकडे, कवटीच्या अतिशय कठीण हाडात खोदलेला एक वाडा आहे. त्या वाड्यात दोन बिऱ्हाडे राहतात. एक ऐकण्याचे : गोगलगाईच्या शंखासारखी सुमारे अडीच वेढ्यांची नळी. दुसरे तोल सांभाळण्याचे : तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि त्यांच्या पायथ्याशी दोन छोट्या पिशव्या. नळ्या सांगतात डोके कुठल्या दिशेला वळले. पिशव्या सांगतात आपण पुढे गेलो की वर, आणि खाली कुठे आहे.

दोन्ही बिऱ्हाडांत एकच द्रव खेळतो. दोन्हींच्या तारा एकाच केबलमधून मेंदूकडे जातात. मेंदूच्या नसांपैकी ही आठवी. आणि पाण्याचा नळ तर सगळ्या वाड्याला मिळून एकच आहे. रक्त आणणारी धमनी केसासारखी बारीक, आणि ती तुंबली तर रक्त यायला दुसरी वाट नाही. त्यामुळे विषाणूने घाला घातला किंवा रक्त कमी पडले, तर कधी फक्त ऐकण्याचे बिऱ्हाड उजाड होते, कधी दोन्ही. नक्की कारण काय ते मात्र दहापैकी नऊ रुग्णांत सापडत नाही. हे ऐकून नातेवाईक डॉक्टरांवर चिडतात. पण कारण न सापडणे हा या आजाराचा स्वभावच आहे.

आता छत का फिरते? आपण स्वस्थ बसलेलो असतानाही दोन्ही कानांची तोलाची यंत्रे मेंदूला सारखे संदेश पाठवत असतात, दोन्हीकडून सारख्याच गतीने. दोन्ही सारखे आहेत म्हणजे डोके स्थिर आहे, असे मेंदू समजतो. डावा कान एकाएकी गप्प झाला, की उजव्याचे संदेश आपोआप वरचढ ठरतात आणि मेंदूला वाटते की डोके उजवीकडे गरगरा वळतेय. तो त्या हिशेबाने डोळे फिरवू लागतो. जवळून पाहिले तर बुबुळे एका बाजूला झटके देताना दिसतात. डोळे सांगतात एक, पायांचे तळवे सांगतात दुसरे. या भांडणातून उलटी येते. त्यात पोटाचा काही दोष नसतो.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मेंदू ही चूक दुरुस्त करायला शिकतो. एका बाजूचे यंत्र कायमचे बंद पडले तरी काही दिवसांत तो उरलेल्या कानावर, डोळ्यांवर आणि पायांवर विसंबून नवा हिशेब बसवतो. गरगर थांबते, माणूस उठून चालू लागतो. म्हणजे चक्कर थांबली याचा अर्थ कान दुरुस्त झाला असा मुळीच नाही. मेंदूने बिघडलेल्या कानाशिवाय चालवून घेतले, एवढाच असू शकतो. ऐकण्याच्या बाबतीत मात्र मेंदूकडे असा इलाज नाही. शंखाच्या आत आवाज टिपणाऱ्या ज्या केशपेशी असतात, त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

चक्कर कानातून येते हे वैद्यकाला कळायलाही वेळ लागला. पॅरिसमध्ये मूकबधिरांच्या संस्थेत डॉक्टर असलेले प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ मध्ये हे मांडले. त्याआधी अशा झटक्यांना मेंदूचा विकार समजत, मेंदूत रक्त दाटल्याचा. मेनिएर पुढच्याच वर्षी वारले. त्यांचे नाव कानाच्या एका आजाराला राहिले. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी आपल्याकडे चक्कर आली की बीपी, अशक्तपणा, पित्त, मान आणि नजर या पाचांवरच संशय जातो. कानाचे नाव कुणी घेत नाही.

प्रत्येक चक्कर ही नव्हे

घाबरून जाऊ नये म्हणून हेही सांगायला हवे. कानातून येणारी सर्वांत जास्त आढळणारी चक्कर अगदी वेगळी आणि पुष्कळ सौम्य आहे. सजद्यात जाताना किंवा सजद्यातून उठताना, बिछान्यात कूस बदलताना, वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की काही सेकंद सगळे गरगरते, आणि एका मिनिटाच्या आत थांबते. तोलाच्या पिशवीत चुन्याचे बारीक खडे असतात. ते निसटून नळीत गेले की असे होते. यात ऐकणे कमी होत नाही. डॉक्टर डोके विशिष्ट क्रमाने फिरवून खडे जागेवर आणतात, आणि बहुतेकांना एकदोन बैठकींत आराम पडतो. आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग या त्रासामुळे चार महिने खुर्चीवर नमाज पढत होते. दहा मिनिटांच्या त्या उपचारानंतर पुन्हा सफेत उभे राहिले.

मेनिएरच्या आजारात चक्कर वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकते, पुन्हा पुन्हा येते, आणि त्या वेळी एका कानात दडा, आवाज आणि कमी ऐकू येणे असते. पहिला झटका हुबेहूब अचानक आलेल्या बहिरेपणासारखा दिसू शकतो. वेगळे काढणे डॉक्टरांचे काम.

तिसरी गोष्ट मात्र गंभीर आहे. चक्करेबरोबर तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, एकाचे दोन दिसणे, आधार घेऊनही उभे राहता न येणे, आजवर कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, यांपैकी काहीही असेल तर तो मेंदूतला पक्षाघात असू शकतो. कानाला रक्त पुरवणारी धमनी मेंदूच्या मागच्या भागाकडून येते, त्यामुळे अशा पक्षाघातात कानही जाऊ शकतो. तेव्हा कानाच्या डॉक्टरांची वेळ मागत बसू नये, थेट मोठ्या इस्पितळात न्यावे.

घरच्या घरी गुणगुणून पाहा

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत नादकाटे आहेत. विज्ञानाचे शिक्षक सातवी-आठवीला ध्वनी शिकवताना ते वाजवून दाखवतात. कानाचे डॉक्टरही तसाच नादकाटा वापरतात, ५१२ हर्ट्झचा. वाजवून कपाळाच्या मध्यावर टेकवतात आणि विचारतात, कोणत्या कानात जास्त ऐकू येतो? हाडातून आवाज दोन्ही कानांच्या आत सारखाच पोहोचतो. कान मळाने किंवा सर्दीने बंद असेल, तर आवाज त्या बंद कानातच जास्त घुमतो. नस गेली असेल, तर आवाज चांगल्या कानात जातो.

नादकाटा नसला तरी तोंड मिटून "हूंऽऽ" असे गुणगुणले की बरेचसे तेच कळते. आधी चांगल्या कानाच्या नळीवर बोट दाबून गुणगुणून पाहा. दाबलेल्या बाजूला आवाज मोठा होतो हे लगेच जाणवेल. आता बोट काढा आणि पुन्हा गुणगुणा. बंद वाटणाऱ्या कानात आवाज घुमला तर बहुधा मळ किंवा सर्दी. चांगल्याच कानात ऐकू आला, तर त्याच दिवशी निघा. हे निदान नव्हे. मळाचेच लक्षण वाटले तरी डॉक्टरांना कान दाखवायचाच आहे. पण "आज जायचे की पुढच्या रविवारी" या घरगुती वादात हे गुणगुणणे उपयोगी पडते. रविवारची वाट पाहण्याने किती कान गेले असतील, अल्लाहलाच ठाऊक.

आणखी एक. कान बंद वाटला म्हणून त्यात तेल, लसूण, कांद्याचा रस काहीही घालू नका. स्टेशनबाहेरच्या कान साफ करणाऱ्याकडे जाऊ नका. आजार पडद्याच्या पलीकडे, हाडाच्या आत आहे. तिथे बाहेरून घातलेला थेंब पोहोचतच नाही. पडदा फाटला तर मात्र नवे दुखणे मागे लागते. दुआ जरूर करा, दम केलेले पाणीही प्या. पण दवा करणे हाही आपल्या नबी (स.) यांच्याच शिकवणुकीचा भाग आहे, आणि दुआ तर रिक्षात बसूनही करता येते.

तपासणी आणि इलाज

डॉक्टर आधी कानात पाहतात, मग ऑडिओग्राम करायला सांगतात. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचे आणि बारीक आवाज आला की बटण दाबायचे. यात सुई नाही, वेदना नाही. पुढे एमआरआयही सांगतात. त्याला घाबरू नये. फार थोड्या रुग्णांत आठव्या नसेवर एक साधी, कर्करोगाची नसलेली गाठ असते, ती राहून जाऊ नये म्हणून हा फोटो काढतात.

मुख्य औषध स्टेरॉइड. गोळ्यांच्या रूपात, ठरावीक दिवस, मोठ्या मात्रेपासून कमी करत आणतात. जितक्या लवकर तितके चांगले. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावे असे तज्ज्ञ सांगतात. गोळ्यांनी गुण आला नाही, किंवा गोळ्या देता येत नसतील, तर कानाच्या पडद्यातून बारीक सुईने तेच औषध आत सोडतात. हा दुसरा उपाय साधारण सहा आठवड्यांपर्यंत करून पाहतात. स्टेरॉइडने हमखास ऐकू येतेच असे नाही, आणि काहींचा कान औषधाशिवायही आपोआप सुधारतो. पण आपला कान आपोआप सुधारणाऱ्यांतला आहे की नाही हे आधी कळत नाही, आणि वाट पाहून कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

स्टेरॉइड म्हटले की आपल्याकडे दोन टोके दिसतात. एक, नाव ऐकूनच गोळ्या गटारात टाकणारे. दुसरे, जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा पुन्हा विकत घेणारे. दोन्ही वाईट. थोड्या दिवसांचा कोर्स बहुतेकांना सोसतो. पण मधुमेह असेल तर साखर झपाट्याने वाढते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगा आणि घरी साखर मोजत राहा. रक्तदाब, पोटातला अल्सर, काचबिंदू, गर्भारपण हेही लपवू नका. गोळ्या मनाने बंद करू नका.

हे सगळे घडेल कधी? तर घरातल्या बाईला कुणी वेळेवर नेले तर. मी पाहते, घरातल्या कर्त्या पुरुषाचा कान बंद झाला तर तो त्याच संध्याकाळी दवाखान्यात असतो. आईचा, सासूचा, सुनेचा झाला तर "ईद होऊ दे", "मुलांची परीक्षा होऊ दे", "सोबत कोण येणार" हे सुरू होते. ती स्वतःही तेच म्हणते. लेडी डॉक्टर मिळेपर्यंत थांबायचे असेही काही घरांत ठरते. लेडी डॉक्टर मिळाली तर उत्तमच. पण कान तपासायला फक्त कान उघडा लागतो, आणि मजबुरीत इलाजासाठी शरीयतची सवलत आहे. शंका असेल तर आपल्या इमामसाहेबांना फोन करून विचारा. तो फोन दोन मिनिटांचा आहे.

उभे राहायला शिकणे

चक्करेचे पहिले दोनतीन दिवस कठीण असतात. पडून राहावे, थोडे थोडे पाणी प्यावे, उलटीची गोळी घ्यावी. मात्र चक्कर दाबणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू ठेवू नयेत. त्या मेंदूला गुंगीत ठेवतात आणि नवा हिशेब शिकायला अडथळा करतात. कित्येक घरांत अशी पट्टी वर्षानुवर्षे औषधाच्या डब्यात पडून असते आणि पाहुण्यांनाही वाटली जाते.

गरगर ओसरली की हलायला सुरुवात करायची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या दोघांनी डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी व्यायाम बसवले. ते आजही थोड्याफार फरकाने शिकवतात. आधी पडल्या पडल्या फक्त डोळे वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवायचे. मग एका ठिकाणी नजर रोखून मान हलवायची. मग बसून, उभे राहून, चालत. थोडी चक्कर येऊ द्यायची, कारण तीच मेंदूची शिकवणी आहे. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावे आणि घरी रोज करावे. खाला तीन महिन्यांत गच्चीवर पापड वाळत घालू लागल्या, ते याच व्यायामांमुळे.

घरात काळजी घ्यायच्या जागा थोड्या आहेत, पण नेमक्या आहेत. वुजू करताना तोंडावर पाणी मारायला आपण डोळे मिटतो आणि पाय धुताना एका पायावर उभे राहतो. तोल गेलेल्या माणसासाठी दोन्ही घातक आहेत. डोळ्यांचा आधार गेला की तो झुकतो. म्हणून मोरीत प्लॅस्टिकचे स्टूल ठेवा, बसून वुजू करा. तहज्जुदला किंवा फजरला अंधारात उठत असाल तर रात्रभर लहान दिवा राहू द्या. स्कूटर, शिडी, गच्चीचा कठडा, विहीर यांपासून काही आठवडे लांब राहा.

नमाजबद्दल बरेच जण विचारतात. उभे राहणे जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर पडून इशाऱ्याने, ही सवलत आजाऱ्याला आहेच. ती घेण्यात कमीपणा नाही. उभे राहता येऊ लागले की भिंतीजवळ उभे राहावे. नजर सजद्याच्या जागेवर ठेवायची आपली रीत इथे अनायासे मदत करते, कारण एका बिंदूवर नजर रोखली की कानाची चक्कर कमी होते. सलाम फेरताना मान सावकाश वळवावी. रमजानात हा आजार आला तर औषधे वेळेवर घेणे आधी; सुटलेल्या रोज्यांची कजा पुढे करता येते.

एका कानाने जगणे

ज्यांचा कान परत येत नाही, त्यांना बाहेरचे लोक बरेच समजतात. बोलणे चालते, फोन चालतो. अडचण वेगळीच असते. आवाज कुठून आला ते कळत नाही. स्कूटरचा हॉर्न डावीकडून वाजतो आणि माणूस उजवीकडे पाहतो. लग्नाच्या मांडवात, ईदच्या दिवशी भरलेल्या घरात, दहा आवाजांतून एक वेगळा काढता येत नाही. मग तो माणूस हसून मान हलवतो आणि हळूहळू जाणे-येणे कमी करतो. खालांना आम्ही आता दस्तरखानच्या डाव्या टोकाला बसवतो, म्हणजे सगळे घर त्यांच्या उजव्या कानाच्या बाजूला येते.

यावर यंत्रेही आहेत. बंद कानाच्या बाजूचा आवाज पकडून बिनतारी पद्धतीने चांगल्या कानाकडे पाठवणारे श्रवणयंत्र मिळते. काहींना हाडातून आवाज नेणारे यंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट लागते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव तिला दिले आहे. श्रवण आणि वाचा यांची तपासणी, श्रवणयंत्रे, सल्ला ही कामे तिथे होतात. जिल्हा रुग्णालयातही कान-नाक-घसा विभागात विचारावे.

मुलांचे वेगळे लिहायला हवे, पण इथे एवढेच : गालगुंड होऊन गेल्यावर मुलाचा एक कान कायमचा जाऊ शकतो, आणि मूल ते सांगत नाही, कारण त्याला स्वतःलाच कळत नाही. तुमचे मूल फोन नेहमी एकाच कानाला धरत असेल, मागून हाक मारली की चुकीच्या बाजूला वळत असेल, टीव्हीसमोर एक बाजू पुढे करून बसत असेल, तर ऑडिओग्राम करून घ्या आणि वर्गशिक्षकांना कळवा. आम्ही त्याला पहिल्या बाकावर, चांगला कान वर्गाकडे येईल असे बसवतो. कारण माहीत नसते तेव्हा त्याच मुलाला "लक्ष कुठे आहे तुझे" म्हणून दिवसातून चार वेळा रागावतात.